जुना कॉम्प्युटर सुरक्षित करायचा तर आधी काढायला शिका

नात्यागोत्यात कुणाचा कॉम्प्युटर अडला की फोन मला येतो. दुसरं वाक्य ठरलेलं असतं, ‘अँटिव्हायरस कुठला टाकू?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे: आत्ता काहीच टाकू नका, आधी काढा. जुन्या मशीनला बहुतेक वेळा कमी पडलेलं नसतं, जास्त झालेलं असतं. दोन अँटिव्हायरस, एक ‘पीसी क्लीनर’, एक ‘ड्रायव्हर अपडेटर’ आणि कधी आले ते कुणालाच माहीत नसलेले टूलबार. दोन अँटिव्हायरस एकाच फाइलवर एकाच वेळी पहारा द्यायला लागतात, चार जीबी रॅमचं मशीन गुदमरतं आणि शेवटी वैतागून मालक दोन्ही बंद करून टाकतो.

काढायला बसण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. विंडोजची खूण असलेलं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, समोर आलेल्या चौकटीत डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही अक्षरं टाइप करून एंटर करा. तुमच्याकडे कुठलं विंडोज आहे ते दिसेल. विंडोज ७ ला सुरक्षा अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं, ८.१ ला १० जानेवारी २०२३ ला, आणि विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने ईएसयू नावाची, मर्यादित मुदतीसाठी जादा सुरक्षा अपडेट देणारी योजना आणली. तिची नोंदणी सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर असते. तिथे तसा पर्याय दिसला तर आजच करून टाका.

अपडेटला मी एवढी का चिकटते? मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. तो विंडोजच्या ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांच्या मशीनमध्ये तो कुणी काही क्लिक न करताच घुसला. फाइल शेअरिंगची एसएमबी १ नावाची जुनी पद्धत हा त्याचा रस्ता होता. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ उघडा आणि तिथे एसएमबी १.० ची खूण असेल तर काढून टाका. घरात फार जुना नेटवर्क प्रिंटर किंवा स्टोरेजचा डबा नसेल तर तुम्हाला काही फरकही जाणवणार नाही.

आता सफाई. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’मध्ये जा आणि ‘इन्स्टॉल्ड ऑन’ या रकान्याच्या नावावर क्लिक करा, म्हणजे यादी तारखेप्रमाणे लागेल. त्रास कधी सुरू झाला ते साधारण आठवत असेल तर त्याच आठवड्यात काय काय आलं ते ओळीने दिसतं. क्लीनर, बूस्टर, टूलबार, ‘फ्री कन्व्हर्टर’, सगळं अनइन्स्टॉल. ज्याचं नाव ओळखीचं नाही ते आधी फोनवर शोधून बघा, कारण ग्राफिक किंवा साउंडचा ड्रायव्हर (पडदा किंवा आवाज चालवणारा प्रोग्रॅम) उडवून बसलात तर नवंच काम निघेल. जावा (काही प्रोग्रॅम चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) कशाला लागत नसेल तर तेही जाऊ द्या. ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि गेम चालवणारा फ्लॅश प्लेअर तर दिसताक्षणी काढा. त्याचा कारभार अडोबीने २०२० च्या अखेरीस गुंडाळला. त्यामुळे ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे, अपडेट करा’ अशी पाटी कुठेही दिसली तर ती खोटी आहे हे डोळे झाकून धरा.

आणि हो, क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. विंडोज किंवा ऑफिस फुकट ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारी छोटी फाइल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगते. कुलूप उघडं ठेवा, मी रात्री येतो, असं कुणी म्हणालं तर आपण ठेवू का? लिब्रेऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि घरच्या पत्रांना नि हिशेबाला पुरून उरतं.

हल्ली मला येणाऱ्या ‘व्हायरस आलाय’ तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींत व्हायरस नसतोच. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात लाल चौकट येते, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’, आणि खाली एक बटण. नीट निरखून पाहिलं तर त्याच चौकटीत बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि एका भलत्याच वेबसाइटचा पत्ता असतो. म्हणजे कधीतरी कुठल्या तरी साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का’ विचारलं आणि कुणीतरी ‘अलाऊ’ दाबलं. उपाय दोन मिनिटांचा आहे: ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीखालच्या नोटिफिकेशन्समध्ये जा, परवानगी दिलेल्या साइट्स काढून टाका आणि यापुढे कुठल्याच साइटला विचारू देऊ नका. चौकटीत फोन नंबर दिला असेल तर त्यावर कधीही फोन करायचा नाही. अख्खा पडदा अडवून बसलेलं पान असेल तर ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ४’ दाबा; नाहीच गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

तिथेच आहात तर एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादीही बघून घ्या आणि ओळखीची नसलेली काढा. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. मी काहीतरी नवं टाकायला सांगते असं हे दुर्मीळ प्रकरण, पण फसव्या जाहिराती दिसल्याच नाहीत तर त्यांवर क्लिकही होत नाही, आणि जुनं मशीन हलकं चालतं ते वेगळंच.

यानंतरची गोष्ट फार थोडे लोक करतात, म्हणून जरा थांबून सांगते. रोज वापरायचं खातं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेलं, नसावं. आधी ॲडमिनचे अधिकार असलेलं नवं खातं तयार करा, त्याला पासवर्ड द्या आणि एकदा त्यात शिरून ते चालतंय याची खात्री करा. मगच आपलं नेहमीचं खातं ‘स्टँडर्ड’ करा. हा क्रम उलटा केलात तर मशीनची किल्ली आतच राहील. यापुढे सगळ्या कॉम्प्युटरला हात घालणारं काही बसू पाहिलं की पासवर्ड मागितला जाईल, आणि मी तर काही बसवत नव्हतो, हा विचार त्या क्षणी मनात येतो. मात्र खंडणीखोर प्रोग्रॅमला तुमच्या स्वतःच्या फाइली कुलूपबंद करायला ॲडमिनचे अधिकार लागत नाहीत. म्हणून फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि प्रत झाली की डिस्क काढून कपाटात. जोडलेलीच राहिली तर तिच्यावरच्या फाइलीही त्याच फेऱ्यात जातील.

अँटिव्हायरस? विंडोज १० मध्ये डिफेंडर आहेच, आणि घरगुती वापराला मी त्यावर समाधानी आहे. शंका आली तर त्याचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला लपायला जागा उरत नाही. दुसरं मत हवं तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती अधूनमधून हाताने चालवा.

पेन ड्राइव्हचा जुना रोग अजून गेलेला नाही. ड्राइव्ह उघडला की सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसतात: चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण, आकार जेमतेम एक-दोन केबी. त्यावर डबल क्लिक केलंत तर फोल्डर उघडतोही, पण मागे दुसरंच काहीतरी चालू होतं. म्हणून क्लिक करू नका. ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा, खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील. त्यातली फक्त आपली कागदपत्रं आणि फोटो कॉपी करा, ड्राइव्ह फॉरमॅट करा, मग पूर्ण स्कॅन चालवा. काम झालं की सिस्टिम फाइलींची खूण परत लावा. तिथेच ओळखीच्या फाइलींची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) लपवणारी खूणही असते, ती कायमची काढून ठेवा. मग ‘बिल डॉट पीडीएफ’ म्हणून आलेल्या फाइलच्या शेपटाला ‘डॉट ईएक्सई’ लटकलेलं दिसेल, म्हणजे ते बिल नसून प्रोग्रॅम आहे.

‘पण माझ्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे काय?’ असं काका नेहमी म्हणतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आहेत, काका, आणि उघडाच राहिलेला ईमेल. ईमेल हातात आला की बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

विंडोज ८.१ किंवा त्याहून जुनं असेल तर मात्र यातलं काहीच पुरणार नाही. क्रोमसुद्धा ७ आणि ८.१ वर १०९ व्या आवृत्तीला थांबलं. असं मशीन नेटपासून तोडून फक्त टायपिंग आणि जुन्या फोटोंसाठी ठेवा, नाहीतर त्यावर विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती बसवून बघा. दोन जीबी रॅमवर ती चालते, चार असेल तर आरामात. ती पेन ड्राइव्हवरून आधी नुसती चालवूनही बघता येते, हार्ड डिस्कला हात लागत नाही. त्या वेळात वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का आणि मराठी टाइप होतं का, एवढं तपासा. हे जमेपर्यंत बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करू नका.