प्रोजेक्ट मॅनेजमेंटची डिग्री ॲप्रेंटिसशिप: अर्जापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत

इंग्लंडमध्ये डिग्री ॲप्रेंटिसशिप २०१५ साली सुरू झाल्या. तुम्ही कंपनीचे पगारी कर्मचारी असता, त्याच काळात विद्यापीठात शिकता आणि फी तुमच्या खिशातून जात नाही. ए-लेव्हलची (बारावीच्या तोडीची) मुलं असलेल्या अनेक घरांत याकडे 'फुकटात डिग्री' म्हणून पाहिलं जातं आणि तिथेच गणित चुकतं. ही आधी नोकरी आहे. पदवी मिळते ती त्या नोकरीत तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत, याच्या पुराव्यावर. काम कच्चं मिळालं तर विद्यापीठ कितीही नावाजलेलं असलं तरी पुरावा कच्चाच राहतो. म्हणून विद्यापीठाचं नाव पाहण्याआधी कंपनीत कोणतं काम मिळणार, हे विचारा.

लेव्हल नीट वाचा

जाहिरातीत 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट ॲप्रेंटिस' एवढंच लिहिलेलं असतं, पण त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. लेव्हल म्हणजे शिक्षणाची पायरी (६ ही पदवीची), आणि स्टँडर्ड म्हणजे त्या कामासाठी काय यायला हवं याचा सरकारमान्य आराखडा. असोसिएट प्रोजेक्ट मॅनेजर हे लेव्हल ४ चं स्टँडर्ड आहे. ते चांगलं आहे, पण त्यात पदवी मिळत नाही. पदवी हवी असेल तर लेव्हल ६ चं 'प्रोजेक्ट मॅनेजर, इंटिग्रेटेड डिग्री' हे स्टँडर्ड शोधा. लेव्हल ४ पासून सुरुवात करून पुढे ६ ला जाणं हाही शहाणा मार्ग आहे. मात्र 'नंतर डिग्रीला पाठवू' हे तोंडी आश्वासन लेखी घ्या. मास्टर्सच्या तोडीच्या लेव्हल ७ साठी जानेवारी २०२६ पासून सरकारी पैसा प्रामुख्याने १६ ते २१ वयात सुरुवात करणाऱ्यांनाच मिळतो. त्यामुळे पंचविशी-तिशीत करिअर बदलणाऱ्यांनी लेव्हल ६ कडेच पाहावं. आधीची पदवी असली तरी लेव्हल ६ ला प्रवेश मिळू शकतो, पण नवं शिक्षण खरोखर वेगळं असायला हवं. जे तुम्हाला आधीपासून येतं ते वजा करून कालावधी आणि किंमत ठरते.

पात्रतेत व्हिसा महत्त्वाचा. स्टुडंट व्हिसावर ही ॲप्रेंटिसशिप करता येत नाही. ब्रिटिश नागरिक नसलेल्यांना साधारणपणे काम करण्याची परवानगी आणि सुरुवातीपूर्वी ३ वर्षांचं ब्रिटनमधलं वास्तव्य दाखवावं लागतं. भारतातून थेट अर्ज करून इथे येण्याचा हा रस्ता नाही. 'व्हिसासकट जागा देतो' म्हणून कोणी एजंट पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. संरक्षण आणि अणुक्षेत्रातल्या जागांसाठी वेगळी सुरक्षा तपासणी होते. तीही ब्रिटनमधल्या वास्तव्याचा कालावधी पाहते.

पैशाचा हिशेब आधी घरी मांडा

ज्या कंपन्यांचं वार्षिक वेतनबिल ३० लाख पौंडांवर आहे त्या एप्रिल २०१७ पासून वेतनबिलाच्या ०.५ टक्के ॲप्रेंटिसशिप लेव्ही भरतात. प्रशिक्षणाची फी त्यातून जाते. लहान कंपन्यांची फी बहुतांशी सरकार भरतं. तुमच्याकडून एक पौंडही मागायची परवानगी नाही, अगदी मध्येच सोडून गेलात तरीही. करारात 'दोन वर्षांत नोकरी सोडल्यास प्रशिक्षणखर्च परत' असं कलम दिसलं तर सहीपूर्वी विद्यापीठाच्या ॲप्रेंटिसशिप विभागाला दाखवा.

ॲप्रेंटिसचं किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला ८ पौंड आहे. वय १९ किंवा जास्त आणि पहिलं वर्ष पूर्ण झालं की वयानुसारचं नेहमीचं किमान वेतन लागू होतं, २१ पासून ते १२.७१ पौंड. डिग्री ॲप्रेंटिसला मोठ्या कंपन्या सहसा याहून जास्त देतात. म्हणून फक्त किमान वेतन देणारी जाहिरात दिसली तर कारण विचारा.

लोक विसरतात त्या गोष्टी अशा: स्टुडंट लोन नाही, म्हणजे मेंटेनन्स लोनही (राहण्या-खाण्याचं कर्ज) नाही. मुलगा किंवा मुलगी ॲप्रेंटिस झाली की आईवडिलांचा चाइल्ड बेनिफिट (मुलासाठी मिळणारा सरकारी भत्ता) थांबतो. पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळणारी काउन्सिल टॅक्सची (स्थानिक घरपट्टीची) सूट ॲप्रेंटिसला आठवड्याला १९५ पौंडांपर्यंतच पगार असेल तर मिळते, आणि पूर्णवेळ पगार सहसा त्यापुढे जातो. विद्यापीठाच्या ब्लॉकसाठी (सलग वर्गांच्या दिवसांसाठी) दुसऱ्या गावी राहावं लागणार असेल तर प्रवास आणि मुक्काम कोण देणार, तेही आकड्यासह विचारा.

जागा शोधणं

इथे युकास (विद्यापीठ प्रवेशाची सामाईक सेवा) अर्ज मुख्य नाही. अर्ज थेट कंपनीकडे जातो. सरकारच्या 'फाइंड ॲन ॲप्रेंटिसशिप' सेवेवर अलर्ट लावा आणि ज्या कंपन्या हव्यात त्यांच्या करिअर पानांवर स्वतंत्र लक्ष ठेवा. पुढच्या सप्टेंबरची भरती मोठ्या कंपन्या आदल्या शरद ऋतूतच उघडतात आणि पुरेसे अर्ज आले की मुदतीआधी बंदही करतात. युकास आणि हे अर्ज एकाच वेळी करता येतात, आणि करावेतच.

कुठे पाहावं? जिथे मोठे, लांबलचक प्रकल्प आहेत तिथे: अणुऊर्जा, जहाजबांधणी आणि संरक्षण, रेल्वे, बांधकाम, आरोग्यसेवेतले आयटी प्रकल्प. कम्ब्रिया विद्यापीठाने सेलाफिल्ड अणुप्रकल्पासाठी प्रोजेक्ट अकॅडमी उभी केली. बीएई सिस्टिम्सही या विषयात डिग्री ॲप्रेंटिस घेते.

निवड साधारण ऑनलाइन अर्ज, ऑनलाइन चाचणी, रेकॉर्ड केलेली व्हिडिओ मुलाखत आणि शेवटी असेसमेंट सेंटर (गट-कार्य आणि मुलाखतींची फेरी) अशी चालते. गट-कार्यात हमखास एक प्रकल्प देतात: इतका पैसा, इतके दिवस, मध्येच एक वाईट बातमी. सगळ्यात जास्त बोलणारा इथे निवडला जात नाही. बातमी आल्यावर 'यामुळे आपली तारीख हलते की फक्त खर्च?' हा प्रश्न जो गटापुढे ठेवतो त्याच्याकडे परीक्षकांचं लक्ष जातं. अर्जात शाळेच्या स्नेहसंमेलनाचं किंवा मंडळाच्या गणेशोत्सवाचं उदाहरण चालतं, पण 'मी मदत केली' असं लिहू नका. बजेट किती होतं, काय बिघडलं, कोणता निर्णय तुम्ही घेतलात आणि त्याने काय बदललं, हे लिहा.

सहीपूर्वी लाइन मॅनेजरला विचारायचे प्रश्न

पहिल्या सहा महिन्यांत माझ्या हातात कोणता प्रकल्प असेल? रिस्क रजिस्टर (जोखमींची नोंदवही), वेळापत्रक आणि खर्चाचा अहवाल यांतलं काय मी स्वतः सांभाळेन? किती विभागांत फिरवणार? अभ्यासाचा दिवस कोणता, आणि त्या दिवशी बैठक लागली तर कोण हलवणार? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्तर 'बघू, जमवू' असं आलं तर अभ्यासाचा दिवस हातचा गेला असं समजा.

ट्रेनिंग प्लॅन या कागदावर तुमची, कंपनीची आणि विद्यापीठाची अशा तीन सह्या असतात. त्यात ऑफ-द-जॉब (रोजच्या कामाबाहेरच्या) प्रशिक्षणाचे एकूण तास लिहिलेले असतात. ऑगस्ट २०२५ पासून सुरू होणाऱ्यांसाठी प्रत्येक स्टँडर्डचे किमान तास सरकारने ठरवून दिले आहेत. आधी हिशेब आठवड्याला सरासरी ६ तासांचा होता. हे तास पगारी वेळेतलेच असतात. रात्री घरी बसून केलेला अभ्यास त्यात धरायचा असेल तर तेवढी सुट्टी किंवा मोबदला मिळायला हवा. आणि यात फक्त नवं शिकणं मोजलं जातं. रोजचं तेच ते काम नाही.

पोर्टफोलिओ: इथे पदवी घडते

स्टँडर्डमध्ये ज्ञान, कौशल्य आणि वर्तन यांची यादी असते आणि प्रत्येक मुद्द्याला 'के', 'एस' किंवा 'बी' या अक्षरासोबत क्रमांक असतो. शेवटी प्रत्येक क्रमांकासमोर तुमच्या कामातला पुरावा लागतो. पहिल्याच आठवड्यात एक साधी स्प्रेडशीट उघडा. तारीख, प्रसंग, माझा निर्णय, परिणाम, क्रमांक आणि फाइल कुठे आहे, एवढे सहा रकाने पुरतात. दर शुक्रवारी अर्धा तास. बस्स.

कच्ची नोंद अशी दिसते: 'रिस्क रजिस्टर अपडेट केलं. मॅनेजरशी चर्चा केली.' यातून काहीच सिद्ध होत नाही.

पक्की नोंद अशी: '१२ मार्च. केबलिंगचा ठेकेदार ९ दिवस मागे पडणार हे त्याच्या साप्ताहिक अहवालावरून दिसलं. या कामाला ४ दिवसांचा फ्लोट (राखीव सवड) होता, म्हणजे प्रकल्पाची तारीख ५ दिवसांनी सरकणार. दोन पर्याय मांडले: शनिवारची जादा पाळी, खर्च २,४०० पौंड, किंवा फर्निचर आधी बसवून केबलिंग मागून, खर्च नाही पण पुन्हा उचकटण्याची जोखीम. पहिला सुचवला, स्पॉन्सरने (प्रकल्पाला पैसा आणि मंजुरी देणाऱ्याने) मंजूर केला. चेंज लॉग (बदलांची नोंदवही) क्र. १७. उशीर २ दिवसांवर आला.' एवढ्या सहा-सात ओळींत वेळापत्रक, जोखीम, खर्च, स्टेकहोल्डर (प्रकल्पाशी संबंधित लोक) आणि बदल-नियंत्रण असे पाच मुद्दे पुराव्यासकट आले. मूळ ईमेल आणि लॉगचा तो भाग त्याच दिवशी जपून ठेवा. प्रकल्प संपला की शेअर्ड फोल्डर बंद होतात आणि ठेकेदाराचा अहवाल मग कोणाकडेच सापडत नाही. कंपनीबाहेर काही नेण्याआधी परवानगी घ्या. नावं आणि कराराच्या किमती झाका.

वर्गात शिकलेलं कामावर लावल्याची नोंद सर्वांत वजनदार ठरते. अर्न्ड व्हॅल्यूचं (प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या बजेटमधल्या किमतीचं) उदाहरण घ्या. प्रकल्पाचं बजेट ८०,००० पौंड. दहाव्या आठवड्याअखेर निम्मं काम व्हायला हवं होतं, म्हणजे नियोजित मूल्य ४०,०००. प्रत्यक्षात काम झालं ४० टक्के, म्हणजे कमावलेलं मूल्य ३२,०००. खर्च झाला ३८,०००. नुसतं 'चाळीसऐवजी अडतीसच खर्च झाले' असं पाहिलं तर २,००० वाचल्यासारखे वाटतात. पण ३२ भागिले ३८ म्हणजे ०.८४: खर्चलेल्या प्रत्येक पौंडातून ८४ पेन्सचंच काम निघतंय. हाच वेग राहिला तर शेवटचा खर्च ८०,००० भागिले ०.८४२, म्हणजे सुमारे ९५,००० पौंड. हा आकडा दहाव्या आठवड्यात स्पॉन्सरपुढे ठेवलात तर काम कमी करणं किंवा पैसे वाढवणं असे रस्ते उघडे असतात. अठराव्या आठवड्यात ठेवलात तर फक्त माफी मागणं उरतं. स्वतःच्या प्रकल्पावर हे गणित एकदा तरी करा, आणि 'काम ४० टक्के झालं' हे कशावरून ठरवलं तेही लिहा. परीक्षक नेमकं तेच विचारतात, कारण ठेकेदाराने सांगितलेले टक्के आणि साइटवर मोजलेले टक्के क्वचितच जुळतात.

काय बिघडतं आणि का

सर्वांत जास्त बिघडतं ते कामाच्या दर्जात. ॲप्रेंटिसला बैठकीची टिपणं लिहायला बसवतात आणि तो दोन वर्षं तेच करत राहतो, कारण तो ते छान करतो. टिपणं कितीही सुबक असली तरी त्यातून निर्णय दिसत नाही. यावर उपाय म्हणजे प्रगती आढावा. कंपनी, विद्यापीठ आणि तुम्ही, तिघांनी किमान दर १२ आठवड्यांनी बसायचं असतं. त्या बैठकीला तुमची स्प्रेडशीट घेऊन जा, रिकामे क्रमांक रंगवून दाखवा आणि 'पुढच्या तीन महिन्यांत एस-अमुकसाठी मला कोणतं काम मिळेल?' असं विचारा. तक्रारीच्या सुरात मागितलं तर मॅनेजर बचावात जातो. क्रमांक दाखवून मागितलं की काम मिळतं. खरेदी आणि कंत्राटं यांचे मुद्दे बहुतेकांचे शेवटपर्यंत रिकामे राहतात. ते काम दुसऱ्या विभागात असतं, म्हणून दुसऱ्या वर्षातच तिथे काही आठवडे मागून घ्या.

मग येतो अभ्यासाचा दिवस. 'फक्त या आठवड्यात' म्हणून तो एकदा दिला की पुढे दर आठवड्याला मागितला जातो. गेलेला प्रत्येक दिवस नोंदवा आणि त्याच महिन्यात बदली दिवस घ्या.

आजारपण किंवा घरची अडचण आली तर अधिकृत ब्रेक घेता येतो. गप्प राहून मागे पडण्यापेक्षा तो घ्या. नोकरकपातीत नोकरीच गेली तरी सगळं संपत नाही. ७५ टक्के अभ्यासक्रम झाला असेल किंवा सहा महिन्यांहून कमी उरले असतील तर उरलेल्या प्रशिक्षणाचा खर्च सरकार भरू शकतं. त्याआधी कपात झाली तर नवी कंपनी शोधायला साधारण १२ आठवडे मिळतात, म्हणून विद्यापीठाला त्याच दिवशी कळवा.

गेटवे आणि शेवटची परीक्षा

पुरावा पुरेसा आहे असं कंपनी आणि विद्यापीठ दोघांनाही वाटलं की तुम्ही गेटवे, म्हणजे अंतिम मूल्यांकनाआधीचा टप्पा, ओलांडता. इंटिग्रेटेड पदवीत अंतिम मूल्यांकन पदवीचाच भाग असतं, म्हणून ते उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी हातात येत नाही. सहसा प्रत्यक्ष प्रकल्पावरचा अहवाल, त्याचं सादरीकरण आणि पोर्टफोलिओवर आधारित व्यावसायिक चर्चा असं त्याचं रूप असतं. तुमच्या तुकडीला लागू असलेला मूल्यांकन आराखडा पहिल्याच महिन्यात वाचा, कारण स्टँडर्डं सुधारली जातात आणि मागच्या तुकडीची पद्धत तुम्हाला लागू असेलच असं नाही.

अहवालासाठी प्रकल्प निवडताना मोठ्या प्रकल्पाचा मोह टाळा. शंभर माणसांच्या कामातला तुमचा छोटा हिस्सा वेगळा दाखवणं अवघड जातं. सहा जणांचा, चार महिन्यांचा, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्या हातात असलेला प्रकल्प जास्त गुण देतो. चर्चेत 'आम्ही' हा शब्द तोंडी बसलेला असतो आणि परीक्षक त्यावर अडतात: आम्ही म्हणजे कोण? 'मी सुचवलं, टीमने केलं, स्पॉन्सरने मंजूर केलं' अशी वाक्यं बोलायची सवय आधीच्या सहा आठवड्यांत लावा. पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर क्रमांकवार सूची ठेवा, म्हणजे परीक्षकाने मुद्दा विचारला की दहा सेकंदांत तुम्ही त्या पानावर असाल.