जावयाच्या आयरिश पणजोबांचं गाव शोधताना: आयरिश वंशावळ कशी काढायची

नातवाला शाळेतून फॅमिली ट्री करून आणायला सांगितली. आमच्या बाजूचं काम अर्ध्या तासात झालं, पुण्यात दिरांकडे छापील कुलवृत्तांत आहे, त्यांनी पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले आणि नातू सात पिढ्या मागे जाऊन बसला. मग जावयाची बाजू. ते बोस्टनचे, आडनाव सांगत नाही, मर्फी समजा, आणि त्यांच्याकडे एकच वाक्य, "पणजोबा कॉर्कहून आले." झालं. मुलीकडे सहा महिने राहायला आलेली मी, दुपारी सगळे कामावर गेल्यावर करायचं काय, तर हेच घेऊन बसले. शाळेची तारीख केव्हाच उलटून गेली पण मी काही सोडलं नाही. त्यातून जे शिकले ते क्रमानं लिहिते, इथे अनेकांच्या घरात असे जावई-सुना आहेत, उपयोग होईल.

पहिलं म्हणजे आयर्लंडच्या साइटवर जाऊन आडनाव टाकू नका. मी नेमकं तेच केलं आणि दोन दिवस वाया घालवले. मर्फी हे आयर्लंडमधलं सगळ्यात कॉमन आडनाव, त्यात नाव पॅट्रिक, म्हणजे पुण्यात चौकात उभं राहून "अहो जोशी" म्हणून हाक मारल्यासारखं. आपल्याकडे आडनावातच बरेचदा गाव असतं, लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले २०१७ मध्ये तेव्हा मालवण तालुक्यातलं वराड सगळ्यांना लगेच कळलं. आयरिश आडनाव गाव सांगत नाही, माणूस सांगतं: 'मॅक' म्हणजे मुलगा, 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, तोही हजारेक वर्षांपूर्वीच्या कुणाचा तरी. त्यामुळे गाव वेगळं शोधावं लागतं. आणि गाव म्हणजे नुसती काउंटी (म्हणजे जिल्हा) नाही, टाउनलँड पाहिजे. टाउनलँड म्हणजे आपल्याकडे वाडी असते ना साधारण तसं, काहींत चार-पाच घरं, आणि अशी साठ हजारांहून जास्त आहेत. सगळी मेहनत त्या एका नावासाठी. ते मिळालं की पुढचं भराभर होतं.

हे नाव बहुतेक वेळा आयर्लंडमध्ये सापडत नाही, माणूस जिथे गेला तिथे सापडतं. उलटं वाटतं पण कारण आहे. ३० जून १९२२ ला डब्लिनमध्ये फोर कोर्ट्स या कोर्टाच्या इमारतीसाठी झालेल्या यादवी युद्धातल्या लढाईत तिथला सरकारी दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला, शतकांची कागदपत्रं राख झाली. १८२१ ते १८५१ च्या जनगणना बहुतेक त्यात गेल्या, १८६१ आणि १८७१ च्या सरकारनं आधीच नष्ट केल्या होत्या, आणि १८८१, १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात घातल्या. हे वाचून मी जावयाला म्हटलं तुमच्यापेक्षा आमचे त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये बरे, वह्या अजून जपून ठेवल्यात.

तर सुरुवात घरातून. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन करा, आणि "तुम्ही कुठले" असं विचारू नका, वस्तू विचारा: जुनी पत्रं आहेत का, प्रार्थनेच्या पुस्तकात कार्ड ठेवलंय का, कबर कुठे आहे, दगडावर काय कोरलंय. आयरिश लोक कबरीवर कधीकधी काउंटी, नशीब असेल तर पॅरिशसुद्धा (एका चर्चच्या हद्दीतला भाग) लिहितात. आमच्या जावयाच्या आत्यानं फोनवर सहज सांगितलं की पणजोबांची एक बहीण त्यांच्या आधी आली होती आणि डॉर्चेस्टरला, म्हणजे बोस्टनमध्येच, कुणाच्या तरी घरी कामाला होती. ही बहीण पुढे फार कामाला आली, त्यामुळे अशा बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी वहीत टिपून ठेवा.

मग त्या देशातले कागद. अमेरिकेत असेल तर लग्नाचा आणि मृत्यूचा दाखला (त्यात आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव मिळालं तर लॉटरीच), नागरिकत्वाचे कागद आणि जहाजावरच्या प्रवाशांची यादी. नागरिकत्वाचं असं आहे की १९०६ च्या आधीचे कागद असतील तर बहुतेक नुसतं 'आयर्लंड' लिहिलेलं, त्यानंतरच्यात जन्मगाव, तारीख, जहाज असं बरंच सापडतं. जहाजाच्या यादीत १९०७ च्या सुमारापासून एक रकाना आला, मायदेशातल्या सगळ्यात जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता. फॅमिलीसर्च नावाची साइट फुकट आहे, लॉगिन करा आणि शोधा.

आमचे पणजोबा १९०९ चे. यादीच्या त्या पानावर सगळे वाकडे अक्षर, शाई फाकलेली, पण ओळ स्पष्ट: वय २३, धंदा मजूर, नातेवाईक वडील, पुढे टाउनलँडचं नाव आणि काउंटी क्लेअर. कॉर्क नाहीच! जहाज क्वीन्सटाउनहून सुटलं, ते बंदर कॉर्कमध्ये (आता त्याला कोव्ह म्हणतात), म्हणून घरात शंभर वर्षं "कॉर्कहून आले" चालत राहिलं. शिवाय त्याच ओळीत, तिकिटाचे पैसे कोणी भरले: बहीण. कुणाकडे जाणार: बहीण, डॉर्चेस्टर. मोलकरणीचं काम करून तिनं भावाचं तिकीट काढलं. जावयाला ते पान दाखवलं तेव्हा ते जरा वेळ काही बोललेच नाहीत.

माणूस त्याच्याही आधी, म्हणजे दुष्काळात गेलेला असेल (१८४५ ते १८५२, दहा लाखांच्या आसपास लोक मेले आणि त्याहून जास्त देश सोडून गेले) तर असा रकाना नसतो. तिथे दोन जागा बघा. एक, न्यूयॉर्कची एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक, १८५० ची, खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्यांनी गाव, जहाज, आईबाप, भावंडं कुठे आहेत असलं सगळं लिहून घेतलं होतं, त्या वह्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. दोन, बोस्टनचं पायलट हे वर्तमानपत्र, त्यात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती यायच्या, अमक्या पॅरिशचा तमका, शेवटी अमुक रेल्वेच्या कामावर होता, बहीण शोधते आहे. ऑस्ट्रेलियात गेलेला असेल तर तुम्ही नशीबवान, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या मृत्यूदाखल्यांवर आईबापांची नावं, जन्मस्थळ आणि कॉलनीत किती वर्षं राहिला हे सगळं विचारलेलं असतं, आणि ट्रोव्ह या तिथल्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर जुनी वर्तमानपत्रं फुकट. शिक्षा होऊन पाठवलेल्यांची यादी आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहे, १७९१ ते १८५३ ची. पूर्वज चोर निघाला तर लाजायचं कारण नाही, तिकडे आता मिरवतात.

टाउनलँड मिळालं की आता आयर्लंड. स्पेलिंग चुकीचंच असणार, कारकुनानं ऐकून लिहिलेलं असतं, म्हणून लॉगेनम या सरकारी नावांच्या साइटवर वेगवेगळं करून बघा. 'बॅली' म्हणजे गाव-वाडी, 'नॉक' म्हणजे टेकडी, 'किल' म्हणजे बहुतेकदा चर्च, एवढं माहीत असलं की अंदाज येतो. एकाच नावाची टाउनलँड अनेक काउंट्यांत असतात, तेव्हा पॅरिश कुठली तेही लिहून घ्या.

पहिली भेट १९०१ आणि १९११ च्या जनगणनेची. पूर्ण शिल्लक, नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट, मूळ फॉर्मच्या फोटोसकट. फक्त टाइप केलेली नावं वाचून थांबू नका, फोटो उघडा. आमच्या घराच्या कागदांवर छप्पर गवताचं, समोर खिडक्या दोन, वेगळ्या कागदावर गोठा एक आणि डुकरांचं खोपटं एक. १९०१ मध्ये पणजोबा १५ वर्षांचे, घरात आहेत. १९११ मध्ये नाहीत. बरोबर जुळलं. आणि १९११ मध्ये लग्न झालेल्या बायकांना एक प्रश्न विचारला होता: लग्नाला वर्षं किती, मुलं किती झाली, हयात किती. पणजोबांच्या आईपुढे लिहिलंय ३८, ११, ७. घरात मुलगा एकच. म्हणजे चार गेली, सहा जिवंत आहेत पण घरात नाहीत. ही सहा शोधली की परदेशातलं नातं सगळं उघडतं, माझ्या मते सगळ्या आयरिश कागदांत हा रकाना सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात वाईट वाटायला लावणारा.

वयावर मात्र अजिबात विश्वास ठेवू नका. पणजोबांचे वडील १९०१ मध्ये ५७ आणि १९११ मध्ये ७१! मला वाटलं दुसरंच घर उघडलं. मग कळलं, १९०८ ला कायदा झाला आणि १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी झालेल्यांना पेन्शन सुरू झाली, जन्मदाखले कुणाकडे नव्हते, सरकारी जन्मनोंदणी १८६४ पासूनची, त्यामुळे अख्खा देश दहा वर्षांत चौदा-पंधरा वर्षांनी म्हातारा झाला. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यावरच्या १ जूनसारखंच.

त्यानंतर आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई, सरकारी साइट, जन्म, लग्न, मृत्यूचे रजिस्टर फुकट (जन्म १०० वर्षांपूर्वीचे, लग्न ७५, मृत्यू ५०). जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, तेच धरून सगळी भावंडं काढा. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे, आईचं नाव नाही. बेलफास्टकडच्या सहा काउंट्यांच्या १९२२ नंतरच्या नोंदी वेगळ्या साइटवर आणि तिथे पैसे पडतात. १८६४ च्या मागे कॅथलिक चर्चची रजिस्टरं, नॅशनल लायब्ररीनं २०१५ मध्ये फुकट ऑनलाइन टाकली, साधारण १८८० पर्यंतची, पण कधी लॅटिनमध्ये आणि अक्षर डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं: जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. जमीन कोण कसत होतं यासाठी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, म्हणजे कर लावण्यासाठी केलेली जमीन-घरांच्या किमतीची नोंद, १८४७ ते १८६४, त्यात फक्त कुटुंबप्रमुख.

बायका शोधताना एक लक्षात ठेवा, ब्रिजिट नावाची मुलगी अमेरिकेत गेली की डेलिया होते, बीडी होते. आमची डॉर्चेस्टरची बहीण घरी ब्रिजिट, बोस्टनच्या जनगणनेत डेलिया, तीन आठवडे मी तिला दुसरीच समजत होते.

आणि जुळलं असं वाटलं की थांबून परत तपासा. ॲनी मूर, कॉर्कची मुलगी, १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंड (न्यूयॉर्कचं, परदेशातून येणाऱ्यांना तपासून आत घ्यायचं ठाणं) उघडलं तेव्हा उतरलेली पहिली प्रवासी, तिचे पुतळे आहेत आयर्लंड-अमेरिका दोन्हीकडे. वर्षानुवर्षं सगळे सांगायचे की ती टेक्सासला गेली. २००६ मध्ये मेगन स्मोलेनिॲक या संशोधक बाईंनी दाखवलं की टेक्सासची ॲनी मूर वेगळीच, ती तर अमेरिकेतच इलिनॉयला जन्मलेली, आणि खरी ॲनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधून कुठे गेलीच नाही. एवढ्या प्रसिद्ध मुलीचं असं होतं तर मर्फींचं काय! म्हणून माझा नियम, नाव आणि वय जुळलं तर पेन्सिलनं, तिसरी गोष्ट (आईचं माहेर, भावंड, पत्ता) जुळली तरच पेननं.

डीएनए टेस्ट शेवटी करा, आधी नको. टाउनलँड आणि आडनावं हातात असली की यादीतल्या अनोळखी कझिनना मेसेज करायला काहीतरी असतं, नाहीतर नुसते हजार लोक दिसतात. आयर्लंड रीचिंग आउट म्हणून संस्था आहे, तिथे पॅरिश निवडून लिहिलं तर तिथले स्वयंसेवक मदत करतात. लिहिताना टाउनलँड, आईबापांची नावं आणि एक वर्ष एवढंच द्या, अख्खी कहाणी नको.

सहातली चार सापडली, तीन अमेरिकेत, एक लिव्हरपूलला. मायकल नावाचा थोरला १९०१ च्या घरात नाही, बोस्टनला नाही, न्यूयॉर्कला नाही. व्हिसाचे पाच आठवडे उरलेत, सध्या दुपारी ट्रोव्ह चाळते आहे.