आकृत्यांची तयारी : दोन फासे, जुन्या लग्नपत्रिका आणि एक बटाटा

स्पर्धा परीक्षेतल्या आकृत्यांच्या प्रश्नांची तयारी करताय ना, मग सगळ्यात आधी पुस्तक घेऊ नका. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन रिझनिंगची (बुद्धिमत्ता चाचणीची) तीन जाडजूड पुस्तकं मीपण आणलेली, आकृत्यांचे चॅप्टर नुसते वाचले, उत्तरं बघून "हां बरोबर" म्हणत राहिलो आणि पहिल्या अटेम्प्टला कागदाच्या घडीच्या (दुमडून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल) एका प्रश्नात चार मिनिटं घालवून बसलो. त्यामुळे आधी तुळशीबागेतून लुडोचे दोन फासे आणा, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा (त्यांचा कागद जाड असतो, घडी मस्त बसते), कात्री, सेलोटेप, पंच मशीन. आणि एक बटाटा.

बटाटा ठोकळ्यासाठी. त्याचा चौकोनी ठोकळा कापायचा, बाहेरून निळी शाई फासायची आणि तिन्ही बाजूंनी दोन दोन काप देऊन २७ तुकडे करायचे. रूममेटने रस्स्यासाठी ठेवलेला बटाटा होता, शिव्या खाल्ल्या, पण त्या दिवसानंतर रंगवलेल्या घनाचा प्रश्न चुकला नाही. कोपऱ्यातले ८ तीन बाजूंनी निळे, कडेचे १२ दोन बाजूंनी, प्रत्येक बाजूच्या मधला एकेक असे ६ एकाच बाजूने, आणि अगदी आतला एकटा कोरा. एका बाजूला चार भाग असतील तर ६४ तुकडे, ८, २४, २४ आणि आत ८ कोरे. फॉर्म्युला पुस्तकात आहेच, पण कोरा तुकडा एकदा हातात घेतला की तो पाठ करायला लागत नाही.

लग्नपत्रिकेतून सहा चौकोनांचे उलगडलेले घन कापा. असे एकूण ११ प्रकार होतात, सगळे केले तर बेस्ट, पाच-सहा तरी कराच. दुमडून बघितलं की कळतं, सरळ पट्टीत एक चौकोन सोडून पुढचा जो येतो तो समोरासमोरचा. आणि समोरासमोरच्या बाजू एकाच वेळी दिसूच शकत नाहीत, म्हणजे ज्या ऑप्शनमध्ये त्या दोन्ही दिसतायत तो गेला. मनात घन घडवत बसायच्या आधी हे करा, बऱ्याचदा दोन ऑप्शन तिथेच उडतात.

फाशाचं एक लक्षात ठेवा, लुडोच्या फाशावर समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज ७ असते म्हणून पेपरातल्या फाशावरपण असेल असं धरू नका, तिथे मन मानेल तसे आकडे असतात. दोन चित्रांत एक आकडा कॉमन असेल तर त्याच्यापासून घड्याळाच्या दिशेने दोन्हीकडचे आकडे लिहून काढायचे. पहिल्यात १, २, ३ आलं आणि दुसऱ्यात १, ५, ४, तर २ समोर ५, ३ समोर ४, राहिलेला ६ हा १ समोर. दहा सेकंदांचं काम आहे, फक्त दिशा दोन्हीकडे तीच ठेवा, माझी निम्मी चूक तिथेच व्हायची.

आता फिरवलेल्या आकृत्या. १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलेलं की आकृती मनात जितके जास्त अंश फिरवायची तितका वेळ जास्त लागतो, जवळजवळ सरळ रेषेत वाढतो. म्हणून २७० अंश उजवीकडे म्हटलं की ९० डावीकडे फिरवा, सरळ हिशोब आहे. आणि अख्खी आकृती फिरवूच नका. तीन खुणा पकडा, समजा बाण, ठिपका, काळा त्रिकोण, त्या घड्याळाच्या दिशेने कुठल्या क्रमाने येतात ते बघा. नुसती फिरवलेली असेल तर क्रम तोच राहतो, उलटा झाला तर ती आरशातली. चौथीच्या स्कॉलरशिपला बाई "पुस्तक फिरवून बघा रे" म्हणायच्या, ते आता बंद करा, कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत स्क्रीन फिरत नाही. घरी पानपण उभं टेकवून ठेवा, मान वाकडी न करता.

आरशासाठी सलूनमध्ये फुकट प्रॅक्टिस होते. समोरच्या आरशात मागचं घड्याळ दिसतं, त्यातली वेळ ११:६० मधून वजा करायची, आरशात ७:४० दिसले तर खरे ४:२०. इंग्रजी कॅपिटलमधली ए, एच, आय, एम, ओ, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय ही ११ आरशात तशीच राहतात, पाण्यातल्या प्रतिमेत बी, सी, डी, ई, एच, आय, के, ओ, एक्स. (पाण्यातल्या प्रतिमेची प्रॅक्टिस मुठेच्या पुलावरून होणार नाही, पाण्याचा रंग बघा.)

कागदाच्या घडीला पंच मशीन लागतं. दोनदा दुमडून एक भोक पाडलं तर ४, तीनदा दुमडून ८, हे सगळ्यांना येतं, चुकतं ते भोक कुठे पडतं यात. उलगडायचं शेवटच्या घडीपासून उलटं, आणि प्रत्येक घडीची रेघ म्हणजे आरसा समजायचा. रोज दहा प्रश्न आधी रफ कागदावर, मग खरंच दुमडून तपासा, महिनाभराने दुमडायची गरज उरत नाही. त्रिकोण मोजायचे असतील तर तीन ओळींच्या त्रिकोणी जाळीत १३, चार ओळींच्या २७, बाकी पाठांतर नको.

वेळ लावायची घाई पहिले तीन आठवडे करू नका, आधी बरोबर येऊ द्यात. एक वही ठेवा, चुकलेल्या प्रश्नापुढे एकच शब्द: आरसा, दिशा, घाई, किंवा सुचलंच नाही. माझ्या वहीत पंधरा दिवसांत "आरसा" इतक्यांदा आला की बाकी सगळं बाजूला ठेवून तेवढंच केलं. मग स्टॉपवॉच. एसएससी सीजीएलच्या (केंद्र सरकारच्या पदवीधर भरती परीक्षेच्या) टियर वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, १०० प्रश्न ६० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद, आकृतीला ४५ द्या, त्यापुढे गेलं की मार्क करून सोडा. बरोबर उत्तराला २ मार्क मिळतात आणि चुकीला अर्धा कापतात, म्हणून दोन ऑप्शन उडाले असतील तर ठोकून द्या, चारही तसेच उभे असतील तर हात लावू नका.

नवी पेठेतल्या अभ्यासिकेत दुपारी तीनला सगळे पेंगतात, मॉक टेस्ट मी मुद्दाम त्याच वेळेला लावायचो, कारण माझी परीक्षेची शिफ्ट दुपारची आलेली. तुमची सकाळची असेल तर सकाळी लावा, चहा आधी घ्या.