‘हरकत’ शब्द वापरताना या चुका टाळा

"काही हरकत नाही" हे आपण दिवसभर म्हणत असतो, इतकं की हिंदीत बोलायची वेळ आली की तेच तोंडून निघतं, "मुझे कोई हरकत नहीं". मुंबईत हे चालून जातं कारण तिथल्या हिंदीला मराठीची सवय आहे, पण लखनौच्या माणसाला ते विचित्र वाटतं, कारण त्याच्या भाषेत हरकत म्हणजे कृती, वागणं, आणि बहुतेक वेळा वाईट वागणं, चाळे. तिथे "मुझे कोई एतराज नहीं" किंवा "आपत्ति नहीं" म्हणायचं, विषय संपला.

उलट्या दिशेची चूक मला जास्त खुपते कारण ती छापली जाते. हिंदी बातमीतलं "घिनौनी हरकत" मराठीत "घृणास्पद हरकत" होऊन येतं, आता मराठी वाचकाला हरकत म्हणजे आक्षेप, मग घृणास्पद आक्षेप म्हणजे काय समजायचं त्याने? आपल्याकडे कृत्य आहे, चाळे आहेत, प्रताप आहेत, थेरं आहेत, प्रसंग बघून त्यातला शब्द घ्या ना. तसंच "पुलिस हरकत में आई" चं "पोलीस हरकतीत आले" करू नका, पोलीस कामाला लागले, पोलिसांनी सूत्रं हलवली असं लिहा. आणि उर्दूत निधनाच्या बातमीत "हरकत-ए-कल्ब बंद होने से" असं येतं, तिथे हृदयाचा आक्षेप वगैरे काही नसतो, हृदयक्रिया बंद पडली एवढंच.

ह्या शेवटच्या उदाहरणात शब्दाचा मूळ अरबी अर्थ टिकून आहे, हालचाल. अरबीत हरका म्हणजे हलणं, गती, चळवळसुद्धा. आखाती देशांत राहणाऱ्या मराठी लोकांना मुरूर म्हणजे ट्रॅफिक हे माहीत असतंच, तिथे वाहतुकीला "हरकत अल-मुरूर" म्हणतात. अरबी लिपीत अक्षराला ऱ्हस्व स्वर देणाऱ्या खुणा असतात, फतहा, कसरा आणि दम्मा, त्यांनाही हरकतच म्हणतात कारण त्या व्यंजनाला चालवतात, आणि व्यंजनावर स्वर नसेल तर जी खूण येते ती सुकून, म्हणजे स्थिरता. हो, तोच सुकून जो हिंदी गाण्यांत शांती म्हणून येतो! उर्दू लिपी शिकताना कोणी "हरकत लावा" म्हटलं तर ह्या खुणा लावायच्या आहेत, दचकू नका.

तुर्कीत हाच शब्द हरेकेत झाला. तिथल्या बसस्टँडवर "हरेकेत साती" दिसलं तर ती गाडी सुटायची वेळ. फारसीतही हरकत करणं म्हणजे हलणं, निघणं, त्यामुळे इराणी माणूस "हरकत कुन" म्हणाला तर तो तुम्हाला आक्षेप घ्या म्हणत नाहीये, चला निघा म्हणतोय.

सगळ्यात गंमत पूर्व आफ्रिकेत. स्वाहिलीत हराका म्हणजे घाई! अरबीत म्हण आहे "अल-हरका बरका", हालचालीत बरकत, उर्दूतही "हरकत में बरकत है" म्हणतात, आणि स्वाहिलीत नेमकी उलटी, "हराका हराका हाइना बराका", घाईघाईत बरकत नाही. दोन्ही शब्द तेच, आणि दोन्ही आपल्याकडेही आहेत, पण मराठीत हरकत आणि बरकत जोडून म्हण केली तर तिचा अर्थ आणखी तिसराच निघेल.

इथे एक चूक शिकलेली माणसं हमखास करतात, मूळ अर्थ हालचाल आहे म्हणून मराठीतला अर्थ चुकीचा ठरवायचा. हे बरोबर नाही. हालचाल, मग कृती, मग दुसऱ्याच्या कामात आड येणारी कृती, मग अडथळा, आणि अडथळ्यावरून आक्षेप, असा तो सरकत आलेला दिसतो, मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात हरकतचा अर्थ अडथळा असा दिलेला आहे आणि गुजरातीतही अडचण, वांधा ह्याच अर्थाने तो चालतो. इतकी वर्षं लाखो लोक जो अर्थ वापरतात तो त्या भाषेपुरता खराच असतो.

आता मराठीतल्या मराठीत होणारा घोटाळा. "बुवांनी काय सुंदर हरकत घेतली" हे मैफिलीबद्दल वाचून नवशिक्या वाचकाला वाटतं बुवा कशावर तरी नाराज झाले. गाण्यातली हरकत म्हणजे सुरांची छोटी, चपळ हालचाल, मुरकी-खटक्याच्या जातीची, ठुमरीत, नाट्यगीतात भरपूर असते. क्रियापद दोन्हीकडे "घेणे" च आहे, त्यामुळे आजूबाजूला सूर आहेत की कागदपत्रं ते बघा. हरकत केली असं दिसलं तर ते बहुधा हिंदीतून आलंय, हरकत नोंदवली असं असेल तर शंकाच नको, तो आक्षेप, आणि हरकतीचा मुद्दा म्हणजे विधिमंडळातलं पॉइंट ऑफ ऑर्डर, कामकाज नियमाला धरून नाही असा आक्षेप.

मराठी शिकणाऱ्यांसाठी एक, "चहा घ्यायला हरकत नाही" हे कोरडं उत्तर समजू नका, त्याला चहा हवाच आहे, आधण ठेवा.

आणि ऑफिसचे फॉर्म भरताना, हिंदीत आपत्ति म्हणजे आक्षेप आणि मराठीत आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, संकट. हिंदी नमुना समोर ठेवून "आपत्ती नोंदवत आहे" असं लिहिलेले अर्ज येतात, ते टाळा. अनापत्ति प्रमाणपत्र ला मराठीत ना हरकत प्रमाणपत्र म्हणतात. सातबाऱ्याच्या फेरफाराची नोटीस आली की हरकतीला साधारण १५ दिवस असतात, तेव्हा तलाठ्याकडे द्यायच्या अर्जात "माझी ह्या फेरफारास हरकत आहे" असं सरळ लिहायचं, खाली कारण, फेरफार क्रमांक, तारीख, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून निघायचं नाही.