डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकताना या चुका टाळा

कला महाविद्यालयांचे प्रवेश आटोपले की गिरगावातल्या आमच्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं लावायच्या, खोलीत मुलं लॅपटॉप घेऊन येऊ लागतात. "काका, सॉफ्टवेअर टाकलं, पण उघडतच नाही." लॅपटॉप बहुतेक वेळा लॅमिंग्टन रोडवरचा सेकंडहँड असतो आणि त्यासाठी घरच्यांनी वर्षभर पैसे बाजूला टाकलेले असतात. मी सॉफ्टवेअरला हात लावत नाही. आधी विचारतो, "यात विंडोज कुठलं आहे?" उत्तर येतं, "लेटेस्ट असेल." बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो.

"विंडोज आहे" एवढ्यावर थांबू नका. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'विनव्हर' (winver) टाइप करा, आवृत्ती समोर येते. मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात अबाउट उघडा आणि 'सिस्टीम टाइप'ची ओळ पूर्ण वाचा. या ओळीत दोन गोष्टी असतात: ऑपरेटिंग सिस्टीम किती बिटची आणि प्रोसेसर कुठल्या पद्धतीचा. जुन्या मशीनचा प्रोसेसर ६४ बिटचा आणि त्यावर मारलेलं विंडोज ३२ बिटचं, असं मी अनेकदा पाहिलंय. मग ८ जीबी रॅम असूनही जेमतेम ४ जीबी वापरता येते आणि आजचं फोटोशॉप तर बसतच नाही, कारण त्याची ३२ बिटची आवृत्ती २०१८ साली बंद झाली. ३२ वरून ६४ वर जायला अपडेट चालत नाही, विंडोज नव्यानेच टाकावं लागतं. म्हणून दुकानातून निघण्याआधी तिथेच ही ओळ बघून घ्या.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावरची सॉफ्टवेअर त्या दिवशी बंद पडली नाहीत, पण नव्या आवृत्त्या हळूहळू विंडोज ११ मागू लागतील. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. स्वस्तात मिळतोय म्हणून सहाव्या पिढीचा लॅपटॉप घेताना एवढं लक्षात असू द्या.

'एआरएम' या इंटेलपेक्षा वेगळ्या पद्धतीच्या प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत. पण एआरएमसाठी न बनवलेले प्रोग्राम त्यांवर भाषांतराच्या थरातून चालतात, आणि ड्रॉइंग टॅब्लेट किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर मात्र एआरएमसाठीच बनवलेला लागतो. तो मिळतो का, हे घेण्याआधी बघा.

मॅक घेताना कोर्सचं सॉफ्टवेअर विचारून घ्या. ही चूक सगळ्यात महागात पडते. इंटिरियर आणि आर्किटेक्चरच्या मुलांना रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स लागतं. ही दोन्ही फक्त विंडोजवर चालतात. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण विंडोजच्या ऑटोकॅडमधलं सगळं त्यात नाही. पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कँपने वेगळं विंडोज टाकता यायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ पासूनच्या मॅकवर ती सोय नाही. डाउनलोड करताना ॲपल चिपसाठीची फाइल निवडा. इंटेलची चालते, पण रोझेटा या ॲपलच्या भाषांतराच्या थरातून.

काम अंगावर असताना सिस्टीम अपडेट करू नका. ऑक्टोबर २०१९. दिवाळी अंकाची पानं अर्धी लागली होती, जाहिराती यायच्या होत्या, आणि मी मॅकवर कॅटालिना ही सिस्टीमची नवी आवृत्ती चढवली. त्या आवृत्तीपासून ३२ बिटचे प्रोग्राम चालणं बंद झालं आणि पानं लावायचं माझं इनडिझाइन सीएस६ तसंच, ३२ बिटचं होतं. आधीच्या आवृत्तीवर ते उघडताना सूचना यायची, मी ती वाचली नव्हती. मॅकच्या टाइम मशीनने घेतलेला बॅकअप होता म्हणून जुनी सिस्टीम परत आणता आली, तरी दोन रात्री त्यात गेल्या. अंक वेळेवर निघाला. तेव्हापासून अपडेटआधी बॅकअप आणि हातातलं काम संपेपर्यंत अपडेट नाही, हा आमच्या खोलीचा नियम आहे.

विंडोजच्या खात्याला देवनागरीत नाव देऊ नका. आपल्या भाषेत नाव दिसावं हे मलाही आवडतं. पण त्या नावाचंच फोल्डर तयार होतं आणि काही जुन्या इन्स्टॉलरना ते वाचता येत नाही, मग भलतीच एरर येते. खात्याचं नाव नंतर बदललं तरी फोल्डरचं बदलत नाही. रोमन अक्षरांत नवं खातं काढा आणि तिथून सॉफ्टवेअर टाका.

१२८ जीबीच्या सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती, हेही बघा. इन्स्टॉल होताना फाइल उलगडायला आणि पुढे काम करताना तात्पुरत्या फाइलींना जागा लागतेच.

क्रॅक, म्हणजे पैसे न देता चालवायची चोरीची कॉपी, टाळा. "अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना देणारी सेटअप फाइल उघडू नका. वर्षभराचं काम त्याच मशीनवर असतं. पैसे नसतील तर इंकस्केप, गिंप, क्रिटा, ब्लेंडर मोफत आहेत आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. शिकायला ती पुरेशी आहेत, असं मी मनापासून सांगतो.

जोडाक्षरं तुटली म्हणून सॉफ्टवेअर काढून टाकू नका. 'विद्यार्थी' लिहिलं आणि वेलांटी भलतीकडे गेली की मुलं सगळं अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकतात. बिघाड इन्स्टॉलेशनमध्ये नसतो. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावा. फाँट युनिकोडचा आहे ना, हेही तपासा.

आणि कोरल टाकणार असाल तर छपाईवाल्याला आधी फोन करा. लोअर परळच्या प्रेसमध्ये जुनी आवृत्ती असेल, तर तुमच्या नव्या कोरलची फाइल तिथे उघडणार नाही. 'सेव्ह ॲज' करताना त्यांची आवृत्ती निवडा, अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फाँट नसला तरी दिसतील अशा आकृत्यांत बदला, आणि सोबत एक पीडीएफ द्या.