मॉन्सून्ड मलबार कढईत भाजताना

मॉन्सून्ड मलबार कॉफीचे दाणे किनाऱ्यावरच्या पावसाळी वाऱ्यात मुरून फुगलेले, फिकट पिवळे असतात. भाजताना रंगावर विसंबू नका, कानावर विसंबा. लोखंडी कढईत 100 ग्रॅमच घ्या, सराटा थांबवू नका. भरिताच्या वांग्याला लागते तशी भडक आच इथे चालत नाही, मध्यमच ठेवा. दाणे फुटतानाची पहिली तडतड फार हलकी असते. खिडक्या उघडा, पण पंखा बंद. पंख्याच्या घरघरीत माझे दोन घाणे करपले. तडतड विरली की लगेच पत्र्याच्या सुपात पाखडा, टरफलं उडतात आणि दाणे निवतात. जळगावच्या मे महिन्यात दुपारी ते लवकर निवतच नाहीत, म्हणून पहाटे भाजा. तीन दिवसांनी दळा. कॉफी करून ती कोमट झाल्यावर चाखा, मसाल्याचा आणि ओल्या मातीचा स्वाद तेव्हाच उघडतो.