गोव्याहून लिस्बनला नवीन आलेल्यांसाठी

गोव्याचा पोरगा लिस्बनला उतरला की दुसऱ्याच दिवशी विचारतो, "इथून इंग्लंडला कधी सरकायचं?" ते दार बंद झालं. ३१ डिसेंबर २०२० नंतर नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे कामाला जाता येत नाही, व्हिसा लागतो. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या मावसभावाचं ऐकून आला असाल तर तो आधी गेला, एवढंच.

पहिलं काम पत्त्याचं. सिटिझन कार्ड, म्हणजे पोर्तुगालचं ओळखपत्र, गोव्यातूनच काढून आणलं असेल तर त्यावर पत्ता तिकडचाच असतो. इथला पत्ता लावायला दिलात की घरी टपालाने पत्र येतं, त्यातला कोड वापरून पत्ता पक्का करायचा. माझं पत्र आलंच नाही. कारण? इथे एका मजल्यावर डावं घर आणि उजवं घर अशी नोंद असते. मी नुसतं 'तिसरा मजला' लिहिलं होतं. 'एश्केर्दु' म्हणजे डावं, 'दिरेइतु' म्हणजे उजवं, एवढं पाठ करा. कराचा नंबर आणि सोशल सिक्युरिटीचा नंबर सहसा कार्डाच्या मागेच असतो; तो आधी बघा, उगाच एजंटाला पैसे मोजू नका.

बायको-मुलांचं पोर्तुगीज नागरिकत्व काढायचं असेल तर साखळी समजून घ्या. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेला माणूस पोर्तुगालच्या लेखी जन्मानेच पोर्तुगीज. त्याचा जन्म लिस्बनच्या नोंदवहीत चढवायचा, मग लग्न, मग मुलाचा जन्म. क्रम उलटा चालत नाही. खरी रखडपट्टी स्पेलिंगची. आमच्या आजोबांचं 'नाईक' जुन्या नोंदीत शेवटी क्यू-यू-ई लावून, वडिलांच्या कागदांवर साधा के. माणूस एकच, हे पटवून देण्यात आमचं वर्ष गेलं. म्हणून तिकडून निघायच्या आधीच सगळे दाखले शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.

आणि भारताचं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतल्यावर भारतीय पासपोर्ट जमा करायचा; तो कपाटात ठेवून 'लागला तर लागला' म्हणणारे मी पाहिलेत, नंतर विमानतळावर घाम फुटतो. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत देतो ते ओसीआय कार्ड मिळालं तरी मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेलं कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, मात्र ठेवता येतं. भावाशी वाटणीचं बोलणं चालू असेल तर वकिलाला हे आधी सांगा.